राजकारणाच्या उंबरठ्यावरची शाळा : लोकशाहीसाठी पुढारी घडविण्याचे काही जुने प्रयोग

१/
१९५६ च्या जुलै महिन्यात मुंबईत एक छोटीशी शाळा सुरू झाली. तिचे नाव ‘ट्रेनिंग स्कूल फॉर एंट्रन्स टू पॉलिटिक्स’. म्हणजे राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा. विद्यार्थी अवघे १५ च्या आसपास. संस्थापक आणि संचालक होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आजचा धागा या शाळेविषयी आहे, आणि तिच्यामागच्या एका जुन्या प्रश्नाविषयी : लोकशाहीत पक्ष चालविणाऱ्या माणसांना शिकवायचे कोणी, आणि काय?

२/
ते वर्ष आठवून पाहा. बाबासाहेबांची प्रकृती ढासळली होती. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे काम चालू होते. १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा व्हायची होती. देशाच्या संविधानाचा मसुदा ज्यांच्या अध्यक्षतेखाली सिद्ध झाला, त्या माणसाला आयुष्याच्या अखेरच्या वर्षात १५ विद्यार्थ्यांचा वर्ग काढावासा वाटला. का? याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला आधी ८६ वर्षे मागे, पुण्यात जावे लागेल.

३/
२ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी, अर्थात सार्वजनिक काका, हे तिचे प्रमुख चालक. या सभेचा एक नियम आजही थक्क करणारा आहे. ज्याला सभासद व्हायचे असेल त्याने निदान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे. ‘मी जनतेच्या वतीने बोलतो’ असे म्हणणाऱ्याला ‘कोणत्या जनतेच्या?’ याचे लेखी उत्तर द्यावे लागे. मतपेटी अजून आलेली नव्हती; परंतु प्रतिनिधित्वाचा पहिला धडा येथे गिरविला जात होता.

४/
याच सभेच्या त्रैमासिकात तरुण गोपाळ कृष्ण गोखले न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली तयार झाले. सरकारी अहवाल वाचायचे, आकडे तपासायचे, अर्ज आणि निवेदने लिहायची, ती पुन्हा लिहायची. रानड्यांच्या नजरेतून ढिसाळ वाक्य सुटत नसे. पुढे १८९७ साली वेल्बी आयोगापुढे दिलेली साक्ष आणि १९०२ पासूनची अंदाजपत्रकावरील भाषणे यांमुळे गोखल्यांचे नाव झाले. त्या नावामागे ही अनेक वर्षांची उमेदवारी होती.

५/
आपल्याला जे एका गुरूकडून मिळाले ते पुढच्या पिढीला संस्थेकडून मिळावे, हा गोखल्यांचा विचार. १२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयाजवळच्या टेकडीवर ‘सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी’, म्हणजेच भारत सेवक समाज, स्थापन केला. सोबत पहिले तीन सभासद : नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर आणि अनंत विनायक पटवर्धन. देशकार्य फावल्या वेळेत करून भागणार नाही, त्यासाठी आयुष्य वाहून घेतलेली आणि तयारी केलेली माणसे हवीत, ही संस्थेमागची धारणा होती.

६/
या तयारीचा काळ होता ५ वर्षांचा. त्यातील काही काळ पुण्यातील निवासात अभ्यास करायचा आणि काही काळ देशाच्या निरनिराळ्या भागांत हिंडायचे. सभासदाला ७ शपथा घ्याव्या लागत. देशहित प्रथम, देशसेवेतून स्वतःचा लाभ साधायचा नाही, जातिधर्माचा भेद न पाहता सर्व भारतीयांना बंधू मानायचे, संस्था देईल त्या निर्वाहावर समाधानी राहायचे, कोणाशीही वैयक्तिक भांडण करायचे नाही. आजच्या कोणत्याही पक्षकार्यालयात ही यादी वाचून दाखवावी. काही क्षण शांतता पसरेल.

७/
या टेकडीवरून कोण बाहेर पडले? श्रीनिवास शास्त्री, जे गोखल्यांनंतर संस्थेचे अध्यक्ष झाले. ना. म. जोशी, ज्यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि १९२० मध्ये देशातील पहिली मध्यवर्ती कामगार संघटना उभारण्यात मोठा वाटा उचलला. आदिवासी आणि अस्पृश्य समाजांत काम करणारे ठक्करबाप्पा. संविधान सभेत बसलेले हृदयनाथ कुंझरू. संख्या थोडी, परंतु एकेका माणसाने एकेक क्षेत्र पेलले.

८/
तरीही या प्रयोगाला मर्यादा होत्या. संस्थेचा ‘पहिला सभासद’, म्हणजे स्वतः गोखले, हा तहहयात प्रमुख असे आणि त्याचा अधिकार मोठा होता. शिकणाऱ्याने ऐकायचे, प्रमुखाने ठरवायचे. १९ फेब्रुवारी १९१५ ला गोखले वारले. गांधीजींच्या प्रवेशाचा प्रश्न आला, तेव्हा कार्यपद्धतीविषयीच्या मतभेदांमुळे सभासदांमध्ये एकमत होईना. अखेर गांधीजींनीच आपला अर्ज मागे घेतला. सेवक घडविणारी ही शाळा मतभेद पचविण्यात मात्र अडखळली.

९/
मतभेद पचविता आले नाहीत तर काय होते, हे देशाने त्याआधीच पाहिले होते. डिसेंबर १९०७, सुरत. काँग्रेसच्या अधिवेशनात अध्यक्षपदावरून वाद पेटला. टिळक व्यासपीठावर बोलण्याचा हक्क मागत उभे राहिले. एक जोडा भिरकावला गेला, खुर्च्या उडाल्या, अधिवेशन उधळले आणि पक्ष दुभंगला. दोन्ही बाजूंना विद्वान होते, त्यागी होते. तेथे नव्हती ती एकच गोष्ट : दोन्ही पक्षांना विश्वासार्ह वाटेल अशी निर्णयाची रीत.

१०/
१९०८ मध्ये नेमस्तांनी अलाहाबादेत काँग्रेससाठी घटना तयार केली. १९२० च्या नागपूर अधिवेशनात गांधीजींच्या पुढाकाराने नवी घटना आली : ४ आण्यांची वर्गणी, गावापासून अखिल भारतीय समितीपर्यंतची उतरंड, छोटी कार्यकारिणी. आता हजारो गावांत चिटणीस हवे होते, खजिनदार हवे होते, सभा चालवू शकणारे अध्यक्ष हवे होते. चळवळीला वक्ते पुष्कळ मिळतात. पावतीपुस्तक चोख ठेवणारा मिळणे कठीण.

११/
ही गरज मराठी कार्यकर्त्यांनीही ओळखली होती. काकासाहेब गाडगीळांनी ‘सभाशास्त्र’ या नावाचे पुस्तकच लिहिले. सूचना कशी मांडावी, उपसूचना केव्हा स्वीकारावी, हरकतीचा मुद्दा म्हणजे काय, मतमोजणी कशी करावी, हे विषय वरवर रूक्ष वाटतात. परंतु सभेत एकट्या पडलेल्या माणसाला या नियमांखेरीज दुसरे संरक्षण नसते. बलवानाला नियमाची गरज कमी भासते. दुबळ्याचा आवाज नियमामुळेच इतिवृत्तात उरतो.

१२/
येथे थोडे देशाबाहेर डोकावू. कारण ‘पुढाऱ्यांना शिकवावे’ या विचारावरचा सर्वांत टोकदार आक्षेप जर्मनीत घेतला गेला. १९०६ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने बर्लिनमध्ये पक्षशाळा उघडली. दर सत्रात सुमारे ३० विद्यार्थी, बहुतेक कामगार चळवळीतून आलेले. १९०७ पासून रोझा लक्झेंबर्ग तेथे अर्थशास्त्र शिकवीत. १९१४ चे महायुद्ध सुरू झाले आणि शाळा बंद पडली.

१३/
याच पक्षात काही काळ वावरलेले समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मिशेल्स यांनी १९११ मध्ये राजकीय पक्षांवर ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : संघटना मोठी झाली की तिला जाणकार लागतात, जाणकारांच्या हाती कारभार जातो, मग ते सामान्य सभासदांना डोईजड होतात. पक्षशाळा ही प्रक्रिया थांबवीत तर नाहीच, उलट तिला वेग देते. कामगारांतून निवडलेले, शिकविलेले, पगारी झालेले हे नवे पुढारी पुन्हा यंत्रापाशी परतत नाहीत.

१४/
हा आक्षेप हलका नाही. बर्लिनच्या त्या शाळेचा एक विद्यार्थी विल्हेल्म पीक. १९४९ मध्ये तो पूर्व जर्मनीचा राष्ट्राध्यक्ष झाला. म्हणजे ज्या राज्यात खऱ्या विरोधी पक्षाला जागा नव्हती, त्या राज्याचा प्रमुख. राजकीय शिक्षणातून लोकशाहीवादीच निपजतो, असा नियम नाही. शिस्त शिकविता येते, सिद्धांत शिकविता येतो; परंतु विरोधकाचे म्हणणे ऐकून घेण्याची सवय वेगळी आणि ती वेगळ्या मार्गाने लावावी लागते.

१५/
आता पुन्हा बाबासाहेबांकडे येऊ. पक्ष चालविण्याचा त्यांचा अनुभव २० वर्षांचा होता. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष, १९४२ मध्ये नागपुरात शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन. मुंबई विधिमंडळात १९३७ मध्ये खोतीविरोधी विधेयक मांडणारा हा नेता जाणून होता की रस्त्यावरची गर्दी आणि सभागृहातील कलम यांच्यामध्ये बरीच मेहनत असते. ती मेहनत करू शकणारे सहकारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

१६/
संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी त्यांनी ‘सांविधानिक नीती’ ही कल्पना मांडली. ही नीती माणसाला उपजत लाभत नाही, ती रुजवावी लागते, असे त्यांचे प्रतिपादन होते. भारताची जमीन मुळात लोकशाहीची नाही आणि लोकशाही हा तिच्यावरचा वरचा थर आहे, हेही त्यांनी स्पष्टपणे बजावले. या भाषणाच्या उजेडात १९५६ ची शाळा पाहिली की तिचे प्रयोजन कळू लागते. जे उपजत नाही ते शिकवावे लागते.

१७/
२५ नोव्हेंबर १९४९ चे त्यांचे समारोपाचे भाषण तीन इशाऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्यातील एका कमी चर्चिल्या गेलेल्या भागाकडे लक्ष द्या. लोकशाही भारताला अपरिचित नव्हती, हे सांगताना त्यांनी बौद्ध भिक्षुसंघाचे उदाहरण दिले. आणि काय मोजून दाखविले? आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, प्रतोद, मतमोजणी, गुप्त मतदान, निषेधाचा ठराव. लोकशाहीची खूण त्यांनी सभेच्या कार्यपद्धतीत शोधली.

१८/
त्याच भाषणात व्यक्तिपूजेचा इशारा आहे. धर्मात भक्ती मोक्षाचा मार्ग असेल, परंतु राजकारणातील भक्ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असे त्यांनी सांगितले. हा विचार नवा नव्हता. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात रानड्यांच्या जयंतीनिमित्त बोलतानाही त्यांनी थोर पुरुषांच्या आंधळ्या पूजेवर प्रहार केला होता. रानडे, गोखले आणि आंबेडकर यांचे धागे असे पुण्यातच एकमेकांत गुंतलेले दिसतात.

१९/
२२ डिसेंबर १९५२. पुन्हा पुणे, जिल्हा विधी ग्रंथालय. विषय : लोकशाही यशस्वी होण्यासाठी आवश्यक असलेल्या पूर्वअटी. त्यांनी सांगितलेल्या अटी अशा : समाजात ढळढळीत विषमता नको, विरोधी पक्ष हवा, कायद्यात आणि प्रशासनात समानता हवी, सांविधानिक नीती पाळली जावी, बहुमताने अल्पमताची गळचेपी करू नये, समाजात नीतिव्यवस्था असावी, आणि सार्वजनिक सदसद्विवेक जागा असावा. राजकारणाच्या शाळेचा अभ्यासक्रम याहून चांगला कोणता असेल?

२०/
हे सांगणारा माणूस त्या वर्षी स्वतः हरलेला होता. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईतून ते पराभूत झाले. १९५४ मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूकही गेली. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत त्यांनी एक व्यथा जाहीरपणे बोलून दाखविली : समाजातील शिकलेल्या लोकांनी आपल्याला दगा दिला, ते स्वतःचे पोट भरण्यात गुंतले. त्यानंतर चारच महिन्यांत मुंबईची शाळा उघडली.

२१/
शाळेचे निबंधक होते एस. एस. रेगे, सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल. ही निवड बोलकी आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे हे महाविद्यालय १९४६ मध्ये सुरू झाले होते. तेथे विद्यार्थ्यांची संसद भरे आणि हिंदू कोड बिलासारख्या विषयावर स्वतः बाबासाहेब तिच्यापुढे बोलले होते. ग्रंथालय आणि वादसभा या दोन गोष्टींच्या शेजारी राजकारणाची शाळा उभी राहिली. मिशेल्सच्या आक्षेपाला यातून एक उत्तर निघते : शिकविलेला पुढारी वादात उभा राहायला शिकला, तर तो प्रश्न विचारले जाण्यालाही सरावतो.

२२/
६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. १९५७ च्या मार्चमध्ये शाळा बंद पडली. जेमतेम ९ महिन्यांचे आयुष्य. गोखले गेल्यावरही भारत सेवक समाज चालू राहिला. कारण तोवर त्याची १० वर्षे झाली होती, घटना होती, निवास होता, पुढचा अध्यक्ष होता. मुंबईच्या शाळेला तेवढा अवधीच मिळाला नाही. माणूस थकला होता आणि वेळ संपत आली होती.

२३/
३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात बाबासाहेबांच्या संकल्पनेतील रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. काही वर्षांतच तो फुटला. गटांना ‘दुरुस्त’ आणि ‘नादुरुस्त’ अशी नावे पडली. वादाचा एक धागा असा होता की नेतृत्व उच्चशिक्षित वकिलांकडे असावे की दादासाहेब गायकवाडांसारख्या जुन्या, लोकांत मुरलेल्या कार्यकर्त्याकडे. सुरतेला जे घडले त्याचीच ही वेगळ्या रूपातील पुनरावृत्ती. मतभेद मिटविण्याची सर्वमान्य रीत येथेही तयार नव्हती.

२४/
येथे एक गोष्ट निसटू देऊ नये. पदव्या नसलेल्या याच दादासाहेबांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे मोठे सत्याग्रह उभे केले. तेव्हा ‘शिकलेला पुढारी’ आणि ‘तयार झालेला पुढारी’ यांत फरक करावा लागतो. दादासाहेबांची शाळा म्हणजे काळाराम मंदिराचा सत्याग्रह आणि बाबासाहेबांशी चाललेला वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार. पदवी ही तयारीची एक वाट असेल; एकमेव वाट नव्हे.

२५/
महाराष्ट्रात इतर प्रयोगही झाले. १९३२-३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी आदी तरुणांनी वाचन आणि चर्चा केल्या. त्यातून १९३४ चा काँग्रेस समाजवादी पक्ष आकारास आला. १९४१ मध्ये एस. एम. जोशींच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दलाने नवे रूप घेतले आणि शाखा, शिबिरे, अभ्यासवर्ग सुरू झाले. मतदारांना आपल्या कामाचा लेखी अहवाल देणाऱ्या रामभाऊ म्हाळगींच्या नावाने १९८२ मध्ये प्रबोधिनी निघाली आणि तिने लोकप्रतिनिधींचे प्रशिक्षण हाती घेतले. विचारसरणी निरनिराळ्या, गरज एकच.

२६/
कायदा या बाबतीत काय म्हणतो? १९४९ च्या पश्चिम जर्मन मूलभूत कायद्याच्या २१ व्या अनुच्छेदाने पक्षांची अंतर्गत रचना लोकशाही तत्त्वांनुसार असावी असे बंधन घातले. नाझी राजवटीचा अनुभव त्यामागे होता. आपल्या मूळ संविधानात राजकीय पक्षांविषयी तरतूद नव्हती. १९८५ च्या पक्षांतरबंदीने १० व्या अनुसूचीत ते आले. १९८९ पासून नोंदणीसाठी पक्षाला संविधानावर, आणि समाजवाद, धर्मनिरपेक्षता व लोकशाही या तत्त्वांवर निष्ठा जाहीर करावी लागते. ती निष्ठा पक्षाच्या बैठकीत उतरते की नाही, हे मात्र पक्षातील माणसांवर सोडलेले आहे.

२७/
म्हणून एखाद्या पक्षाचे प्रशिक्षण शिबिर पाहायला मिळाले, तर इतिहासाने शिकविलेले तीन प्रश्न विचारा. पहिला, सार्वजनिक सभेचा : हा पुढारी कोणाच्या वतीने बोलतो, त्याचे मुखत्यारपत्र कोठे आहे? दुसरा, सुरतेचा : येथे हरलेल्या बाजूला आपले म्हणणे मांडण्याची आणि पुढच्या वेळी जिंकण्याची वाट आहे काय? तिसरा, मुंबईच्या शाळेचा : संस्थापक उद्या नसेल, तर परवा वर्ग भरेल काय?

२८/
बाबासाहेबांच्या भाषणांचे खंड आज सहज उपलब्ध आहेत. त्यांतील पुण्याचे १९५२ चे भाषण एका बैठकीत वाचून होते. तुमच्या महाविद्यालयात, गणेश मंडळात, ग्रंथालयात किंवा गृहनिर्माण संस्थेत निवडून आलेली समिती असेल, तर ते भाषण वाचून मग तिच्या मागील बैठकीचे इतिवृत्त मागून पाहा. १९५६ सालच्या त्या १५ विद्यार्थ्यांचा अपुरा राहिलेला अभ्यासक्रम तेथून पुढे चालविता येईल.